बाई, जरा थांब की

सकाळी नऊच्या सुमाराला भाऊ आणि वैनी वावरात जातात, पोरं शाळेला जातात आणि दिवस मावळेपर्यंत माय घरात एकटी असते. औसा तालुक्यातलं आमचं गाव लहान आहे. नजर चांगली होती तोवर तिच्या एकटेपणाचा कुणी विचारही केला नाही. धान्य निवडायचं, शेळीला पाणी दाखवायचं, दुपारी शेजारी जाऊन बसायचं, यात तिचा दिवस जायचा.

आता डाव्या डोळ्यानं तिला फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्यानं समोरचं थोडं दिसतं, कडेचं नाही. आम्ही सगळे ते मोतीबिंदू समजून बसलो होतो. ‘पिकू द्या, मग काढू,’ असं गावात जो तो सांगतो, आणि मोतीबिंदूला उशीर झाला तरी बहुतेक वेळा ऑपरेशननंतर नजर येते. तिला होता काचबिंदू. त्यात बहुतेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो, मागची शीर सुकत जाते, आधी कडेची नजर जाते आणि ती गेल्याचं माणसाला कळतसुद्धा नाही. गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही, उरलेली तेवढी सांभाळायची. घरातलं म्हातारं माणूस चौकटीला धडकायला लागलं असेल, शेजारी ठेवलेला तांब्या त्याच्या हातानं लवंडत असेल, तर पिकायची वाट बघू नका, डोळ्याचा दाब मोजून घ्या. विषय सोडून लिहितेय, पण हे लिहिल्याशिवाय पुढं जाववत नाही.

तर आता तिला सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे असतात. बाटल्या दोन, आणि एका औषधानंतर दुसरं घालायला निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची. एका बाटलीला वैनीनं रबर गुंडाळलंय, म्हणजे बोटाला कळतं. पण पाच मिनिटं झाली हे कशानं कळणार? घड्याळ दिसत नाही. आणि काही लागलं, पडली-झडली, तर कुणाला सांगणार?

मी छत्रपती संभाजीनगरला शाळेत मराठी शिकवते. 2025 च्या मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले ती एक नवा स्मार्टफोन घेऊनच. फोनमध्ये बोललेलं ऐकून काम करणारा असिस्टंट होता, मराठी येणारा. आयफोनवरची सिरी, म्हणजे असाच असिस्टंट, 2011 साली आली. फोनशी मराठीत बोलता यायला 2018 उजाडलं. उशिरा का होईना आली ना मराठी, आता मायचा प्रश्न सुटला, असं मला मनापासून वाटलं होतं. बटणं दिसत नाहीत, वाचता येत नाही, पण बोलता तर येतं! आणि माय बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही.

पहिला दिवस तिचा आवाज ओळखून घेण्यातच गेला. त्याला जागं करायला ठरलेले दोन इंग्रजी शब्द म्हणावे लागतात. त्याशिवाय तो ऐकत नाही. फोनमधला एक छोटा प्रोग्राम सारखा तेवढ्याच शब्दांची वाट बघत असतो, ते कानावर पडले की मगच पुढचं बोलणं दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं पाठवतो. हे चांगलंच आहे, नाहीतर घरातलं सगळंच बोलणं बाहेर जाईल. पण ते शब्द मायच्या जिभेवर बसेनात. “हिला नाव न्हाई का काही?” तिनं विचारलं. मी म्हटलं, हेच नाव. “मग मी आपली बाई म्हणते.” बाई म्हणून चालत नाही, हे सांगायला मला जड गेलं. नाव बदलायची सोय मी सगळीकडं शोधली, मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी ते शब्द जमायला लागले. खरा त्रास तिथून पुढं सुरू झाला.

माय बाजेवर बसली होती, फोन मांडीवर. जागं करायचे शब्द म्हणाली, टुण्ण असा आवाज आला. मग ती बोलायला लागली, तसंच, जसं शेजारच्या पोराला सांगेल: “माझ्या त्या धाकलीला… लातूरला असती बघ ती…” इथं ती श्वास घ्यायला थांबली. फोननं पुन्हा टुण्ण केलं आणि बाईचा आवाज आला, “हे मला इंटरनेटवर सापडलं.”

पडद्यावर लातूर शहराची माहिती आली होती. लोकसंख्या, नकाशा, फोटो.

“काय सापडलं?” माय म्हणाली. “वाच की.”

फोन गप्प. जे काही सापडलं होतं ते अक्षरांत होतं आणि ते वाचायला डोळे लागतात. माय थोडा वेळ वाट बघत बसली, मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, “काय म्हणायली ती?”

मी भाषेची शिक्षिका आहे, म्हणून त्या रात्री मला त्या वाक्याचा पिच्छा सोडवेना. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. “माझ्या धाकलीला, लातूरला असते तिला, जरा फोन लाव की.” काय करायचंय ते सगळ्यात शेवटी, त्या ‘लाव’मध्ये. इंग्रजी बोलणारा माणूस आधी ‘फोन लाव’ म्हणून मोकळा होतो आणि मग कुणाला ते सांगतो. मधे थांबला तरी त्याचं काम काय ते ऐकणाऱ्याला कळलेलं असतं. बोलणारा थोडा वेळ गप्प झाला की मशीन समजतं, याचं संपलं. अडुसष्ट वर्षांची बाई वाक्याच्या मधे थांबणारच. ती थांबते तेव्हा नेमकं क्रियापद यायचं राहिलेलं असतं. म्हणजे मशीनच्या हाती कोण, कुठली, कुणाची हे सगळं लागतं आणि करायचं काय तेवढं लागत नाही. आयफोनवर सिरीनं किती वेळ थांबावं हे ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधून वाढवता येतं. मायच्या फोनात तसलं काही मला सापडलं नाही. मी दोन संध्याकाळी शोधलं.

हे तिला समजावून सांगितलं. “माय, एका दमात बोलायचं. मधे थांबायचं नाही.”

“थांबायचं न्हाई म्हणजे? आठवावं लागतंय की.”

“मग आधी आठवून ठेव आणि मग बोल.”

असं मी म्हणाले. माझ्या आईला, जिनं मला बोलायला शिकवलं तिला, मी सांगत होते की आधी मनात वाक्य जुळव आणि मगच तोंड उघड. आज ते आठवलं की वाईट वाटतं.

दुसरी अडचण नावांची. भावानं तिच्या फोनात सगळी नावं इंग्रजी अक्षरांत घातली होती. मी बसून ती देवनागरीत केली: थोरली म्हणजे मी, धाकली, बाबू म्हणजे भाऊ, आणि डोळ्याच्या डॉक्टरांचा नंबर ‘दवाखाना’ म्हणून. माय म्हणाली, “दवाखान्याला फोन लाव.” फोननं तिला पडद्यावर दवाखान्यांची यादी दाखवली. लातूरचे, निलंग्याचे, सोलापूरचेसुद्धा. मी पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा यादी. मग डोक्यात प्रकाश पडला. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी सामान्यरूप शिकवते. विभक्तीचा प्रत्यय लागायच्या आधी शब्दाचं रूप बदलतं. घोडा, घोड्याला. दवाखाना, दवाखान्याला. माय म्हणते ‘दवाखान्याला’, फोनात आहे ‘दवाखाना’, आणि त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. पाच वर्षांचं पोरगं कुणी न शिकवता ओळखतं ते या मशीनला ओळखता आलं नाही. मी त्या नंबराचं नाव बदलून ‘डॉक्टर’ केलं. ‘डॉक्टरला’ म्हटलं की लागायला लागला. हा उपाय कुणाच्या कामाला आला तर येवो: ज्या नावाला ‘ला’ लागल्यावर रूप बदलत नाही तेच नाव फोनात घाला. मामा चालतो, मेव्हणा चालत नाही.

गजराचंही तसंच. “पावणेसातला उठव,” म्हटलं की सातचा गजर लागायचा. सव्वा, पावणे, साडे, दीड, अडीच, आमच्याकडं वेळ आणि माप याच शब्दांत चालतं. बाजारात कुणी ‘दोन पूर्णांक पाच दशांश’ किलो वांगी मागत नाही. शेवटी “सहा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी” असं म्हणायला तिला शिकवलं. ते जमलं. “कुणी असं म्हणतंय व्हय?” असं ती दर वेळी म्हणायची. बरोबर बोलायची ती.

आणि बोलीचं तर विचारूच नका. “पाऊस पडायलाय का?” हे आमच्या लातूर-नांदेड-परभणीकडचं साधं वाक्य आहे. करायलास, जायलाव, पडायलाय, याच्याशिवाय इथं कुणाचा एक तास जात नाही. फोनला त्यात काय ऐकू यायचं कोण जाणे. ‘पाऊस पडत आहे का’ म्हटलं की लगेच उत्तर. धाकलीनं एकदा तिच्याकडचा बोलणारा स्पीकर आणून बघितला. त्याला इंग्रजी आणि हिंदी यायची, मराठी नाही. मायला हिंदी येते, पण कुठली? आमचा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि बाजारातली दखनी अजून इथल्या तोंडात आहे. बांगडीवालीशी बोलते तसं ती स्पीकरला म्हणाली, “मेरी धाकली कू फोन लगाव, जल्दी नक्को, आरामसे लगाव.” त्यालाही ते कळलं नाही. तिची मराठी पुस्तकातली नाही आणि तिची हिंदी टीव्हीतली नाही.

2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक होते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत साखर वाटली, मी स्वतः वाटली आणि मला त्याचा आजही आनंद आहे. पण त्या 8 कोटींत माय मोजलेली आहे आणि मशीननं शिकलेल्या मराठीत ती नाही. हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. अमेरिकेत 2020 साली पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्या माणसांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागं सरासरी 19 शब्द चुकीचे ऐकले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. भाषा एकच, इंग्रजी. ज्यांचं बोलणं मशीनला शिकवताना कमी ऐकवलं, त्यांचं बोलणं ते कमी समजतं.

मग मी म्हटलं, ऐकवू या मायचं. आवाज जमवण्याचे उपक्रम आहेत. केंद्र सरकारनं 2022 साली भारतीय भाषांसाठी भाषिणी सुरू केलं, त्यात आवाज द्यायची भाषादान म्हणून सोय आहे. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्येही मराठी आहे. कुणीही आपला आवाज देऊ शकतं. अशाच एका पानावर आम्ही बसलो. वाक्य पडद्यावर येतं आणि ते वाचून रेकॉर्ड करायचं. मायला वाचता येत नाही, दिसतही नाही. तेव्हा मी तिच्या कानाशी वाक्य सांगायचं आणि तिनं म्हणायचं असं ठरवलं. वाक्य आलं, उद्या मी बाजारात जाणार आहे, अशा धर्तीचं. मी सांगितलं. माय म्हणाली, “उद्या म्या बाजारला जाणार हाय.”

“माय, आहे तसंच म्हण.”

“तसंच तर म्हणले.”

चार वाक्यं केली. चारही तिनं आपल्या तोंडाची करून म्हटली. लिहिलेलं आणि बोललेलं जुळत नाही म्हणून ती चारही मी पुसून टाकली. ज्याला वाचता येतं त्याचाच आवाज त्या रस्त्यानं आत जातो. जात्यावर बसून सलग तासभर ओव्या म्हणणारी बाई, जिच्या तोंडात कुठल्याही धड्यापेक्षा जास्त मराठी आहे, तिला तिथं दार नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगते. न समजण्याचा नाही. न समजल्यावर ते जे बोलतं त्याचा. “माफ करा, मला समजलं नाही.” एवढंच, आणि संपलं. काय समजलं नाही? कुणाला ते की काय करायचं ते? वर्गात एखादं पोरगं पुटपुटलं तर मी त्याला ‘समजलं नाही’ म्हणून खाली बसवत नाही. ‘कुणाबद्दल म्हणालास?’ असं विचारते, म्हणजे जेवढं ऐकू आलं तेवढं धरून ठेवते आणि राहिलेलं मागते. घरी कुणीही असंच करतं. ‘… ला फोन लाव’ एवढं कानावर आलं की माणूस ‘कुणाला?’ म्हणतं. हे मशीन आख्खं वाक्य फेकून देतं आणि म्हातारीला पुन्हा पहिल्यापासून, जागं करायच्या शब्दांपासून सुरुवात करायला लावतं. माफी मागतं ते, पण मायला वाटायचं की चूक तिचीच आहे. ती आधी मोठ्यानं बोलायला लागली, ऐकू गेलं नसेल म्हणून. मग तोंड फोनच्या अगदी जवळ नेऊन. मग अजिजीनं, “आगं बाई, जरा थांब की, सांगायले ना तुला.”

जून उजाडेपर्यंत तिनं एक नवीन बोलणं तयार केलं होतं. “धाकली. फोन.” “किती वाजले.” “डॉक्टर. फोन.” मी शहरातून व्हिडिओ कॉलवर बघायचे. भाऊ म्हणाला, आता बरं जमायलंय की तिला. काम होत होतं हे खरं. पण एका संध्याकाळी पाणी हवं होतं तर ती वैनीला म्हणाली, “पाणी. तांब्या.” वैनीला वाटलं माय रागावली. रागावली नव्हती, सवय लागली होती.

सप्टेंबरात जो पाऊस झाला तो मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. सोयाबीन उभ्याचं सडलं, नदीकाठची जमीन खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. आमच्या गावापलीकडच्या ओढ्याला एका दुपारी पाणी आलं आणि भाऊ-वैनी वावरातच अडकले. पोरं शाळेजवळ पाहुण्यांच्या घरी थांबली. माय घरात एकटी. रात्री नऊला ओढा उतरला, ते दोघं घरी आले तेव्हा ती बाजेवर पाय वर घेऊन बसलेली होती, फोन हातात. ठीक होती. शेजारीण सातच्या पुढं येऊन बसली होती. भावानं मला फोनवर एवढंच सांगितलं आणि मीही एवढंच समजले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर मी फोनचं सेटिंग बघायला बसले. या असिस्टंटमध्ये एक नोंद राहते, काय ऐकलं त्याची, दिवस आणि वेळेसह. त्या दिवसापर्यंत मागं गेले. पाच वाजून दहा मिनिटांपासून सुरुवात होती.

बाजूला फोन लाव.
बाभळीला फोन.
बाहुली फोन.
बाजूला.
पाऊस लावला.
बाबूला फोन… आणि त्यापुढं काही नाही.
बाई ऐक की.
बाबा फोन.
बाजूला फोन लाव.

असं साडेसहापर्यंत. मी मोजले, तेवीस वेळा. आमच्या वसरीवर पत्रे आहेत. जोराचा पाऊस असला की त्या पत्र्यांखाली शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, फोनला काय येणार? शेवटची नोंद सोडली तर एकाच वेळी त्याला नाव बरोबर ऐकू आलं होतं, आणि त्या वेळी माय मधे थांबली होती. ती शेवटची नोंद सहा एकतीसची. त्यात फक्त ‘बाबू’ एवढाच शब्द होता.

मी तिला विचारलं, त्या दिवशी इतक्या वेळा फोन लावत होतीस, सांगितलं का नाहीस? “काय सांगायचं?” ती म्हणाली. “पावसात बाईला बी ऐकू येईना.” तिनं त्या आवाजाला दोष दिला नाही. मी देते. ज्यांनी हे बनवलं त्यांना देते. म्हातारं माणूस एकच नाव दीड तास हाका मारतंय आणि यातल्या एकाही वेळी त्या मशीनला ‘बाबूला लावू का?’ असं विचारता आलं नाही. फोनात आठ नावं होती. फक्त आठ! ‘बाजूला’ नावाचं त्यात कुणी नव्हतं, ‘बाभळी’ नावाचं नव्हतं. आठातलं सगळ्यात जवळचं नाव शोधायला किती अक्कल लागते? मी कंपनीकडं अभिप्राय पाठवला, मराठीत, हे सगळं लिहून. उत्तर आलं ते ठरलेल्या वाक्यांचं, इंग्रजीत.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी लातूरला जाऊन साधा बटणांचा फोन आणला. पाचाच्या बटणावर एक उंचवटा असतो, बारीक, तांदळाच्या कणीएवढा. माझ्या बोटाला आजवर तो कधी जाणवला नव्हता. मायच्या बोटाला पहिल्या झटक्यात सापडला. तिथून वर एक बटण म्हणजे दोन, ते दाबून धरलं की मी. दोनाच्या उजवीकडं तीन, धाकली. पाचाच्या डावीकडं चार, बाबू. शिकवायला पाव तास लागला. तिनं चार दाबून धरलं, वावरात भावाच्या खिशातला फोन वाजला आणि ती त्याला म्हणाली, “काही न्हाई रे, उगं लावून बघितला.” मग त्याच्याशी दहा मिनिटं बोलली. सोयाबीनचं, शेळीचं, पंचनाम्याला कोण आलं होतं त्याचं. पूर्ण वाक्यांत.

स्मार्टफोन फेकला नाही. तो वसरीतल्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला असतो. थेंबांचे गजर त्याच्यावरच आहेत. एक सकाळचा, त्यानंतर पाच मिनिटांनी दुसरा, तसेच संध्याकाळी. ते मी हातानं लावून दिलेत आणि ते कधी चुकले नाहीत. “किती वाजले” एवढं मात्र ती त्याला अजून विचारते. एका दमात होणारा प्रश्न आहे, उत्तरही आवाजात मिळतं, आणि ते बरोबर असतं. जागं करायच्या शब्दांऐवजी वायरच्या इअरफोनचं बटण दाबून धरलं तरी तो ऐकायला लागतो, हे मला उशिरा कळलं. ज्यांच्या घरी असाच त्रास आहे त्यांनी ते आधी करून बघावं. तोंडाजवळ माईक आल्यामुळं ऐकूही बरं येतं. मला हे मे महिन्यात माहीत असतं तर सप्टेंबरची ती दुपार कदाचित वेगळी गेली असती. कदाचित. पत्र्यांवरच्या पावसाचं सांगता येत नाही.

परत निघायच्या दिवशी मी बॅग भरत होते. माय म्हणाली, “थोरले, सहाचं बटन रिकामं हाय का?”

“आहे की. कुणाचा नंबर घालू?”

तिची माहेरची जोडीदारीण रेणापूरकडं दिलेली आहे. एकाच वर्षी दोघींची लग्नं झाली, मग लग्नाकार्यात भेट व्हायची तेवढीच. गेल्या कित्येक वर्षांत तीही नाही. पाच महिने त्या स्मार्टफोनला तिनं कधी हा नंबर लावायला सांगितला नव्हता. मी विचारलं, तेव्हा का नाही म्हणालीस? म्हणाली, “त्या बाईला कुठं इतकं सांगत बसू, कोण कुठली ते. कामापुरतं बोलायचं तिच्याशी.”

नंबर मिळवायला तीन फोन करावे लागले. घातला सहावर. माझी एसटी साडेचारची होती. मी चहा टाकायला आत गेले तोवर बाहेरून तिचा आवाज यायला लागला. आधी मोठ्यानं, ओळख पटवून देताना, मग हळू. मधे बराच वेळ काहीच नाही. मी दारातून डोकावले. फोन कानाला लावून ती नुसती बसली होती, बहुतेक पलीकडची बोलत होती. मग म्हणाली, “हाव… हाव… आगं मग काय झालं, सांग की.” चहा गार झाला तरी ती उठली नाही.